म्हाताऱ्या कुत्र्याला घर

रविवारची सकाळ. शहराबाहेरील एका प्राणि-आश्रयगृहांत कुत्रा पाळूं इच्छिणारीं कुटुंबें आलेलीं आहेत. पहिल्या कोठडींत पिल्लें आहेत. तेथें मुलांची गर्दी. पुढील कोठड्यांतील तरुण कुत्रे गजांवर पाय टेकून, शेपट्या हालवून येणाऱ्याचें लक्ष आपल्याकडे ओढून घेत आहेत. अगदीं टोंकाच्या कोठडींतून मात्र कोणी पुढें येत नाहीं. तेथें करड्या तोंडाचा एक कुत्रा मागच्या भिंतीला पाठ लावून बसलेला आहे. माणूस गजांपाशीं थांबला कीं तो उठतो, आणखी मागें सरतो, आणि माणूस खालीं वांकलाच तर घशांतल्या घशांत गुरगुरतो. कोठडीवरील पाटीवर लिहिलेलें आहे : 'नांव मोती. वय सुमारें दहा वर्षें. परक्यांस बुजतो.' पाहुणे पाटी वाचतात, 'बिचारा !' म्हणतात आणि पुन्हां पिल्लांकडे वळतात.

हा मोती कल्पनेंतला आहे. पण ज्यांत असा एकही मोती नाहीं असें आश्रयगृह सांपडणें कठीण. त्याचा मालक वारला, घर मोडलें, मुलें परगांवीं गेलीं, आणि दहा वर्षें एकाच माणसाच्या पायाशीं निजणारा हा प्राणी एका दुपारीं शंभर अनोळखी वासांच्या आणि आवाजांच्या मध्यें येऊन पडला. त्याला खायला मिळतें, औषध मिळतें. मिळत नाहीं तें घर.

निराश्रित प्राण्यांना आसरा देण्याची कल्पना मुंबईला नवी नाहीं. १८३२ सालीं भटक्या कुत्र्यांना ठार मारण्याची मोहीम ब्रिटिश अधिकाऱ्यांनीं तेथें चालविली, तेव्हां कुत्र्याला पवित्र मानणाऱ्या पारशी समाजानें तिला विरोध केला. हरताळ पडला आणि दंगलही उसळली. दोनच वर्षांनीं, १८३४ सालीं, शेठ मोतीचंद अमीचंद आणि जमशेटजी जिजीभाई यांच्या पुढाकारानें मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. लंडनमध्यें मेरी टील्बी नांवाच्या बाईंनीं हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठीं गृह काढलें तें १८६० सालीं, म्हणजे सव्वीस वर्षांनंतर. तें गृह १८७१ सालीं बॅटरसी येथें गेलें आणि आज त्याच नांवानें जगभर ओळखलें जातें.

परंतु पांजरपोळ आणि असें गृह यांच्या मुळाशीं दोन निराळ्या कल्पना आहेत. पांजरपोळाची कल्पना अशी कीं, निराश्रित जनावराचा मरेपर्यंत सांभाळ करावा. दुसरी कल्पना अशी कीं, आश्रयगृह ही वाटेवरची धर्मशाळा; कुत्र्याचें खरें ठिकाण घर. जीव वांचला म्हणजे पहिलें काम संपलें. दुसरें तेथून सुरू होतें, आणि मोतीसारख्या कुत्र्याच्या बाबतींत तें बहुधा अडून राहतें. तें कां अडतें आणि कसें पुढें नेतां येईल, याचा विचार घरोघर व्हावयास हवा. कारण घर देणारी माणसें आश्रयगृहांत नसतात, तीं घरोघरच असतात.

घरच्या माणसांची पहिली शंका वयाची. म्हातारा कुत्रा आणावा, त्याचा लळा लागावा आणि दोन-चार वर्षांत त्यानें निघून जावें, हें दुःख विकत कां घ्यावें ? ही शंका खोटी नाहीं. उतारवयांतील कुत्र्याचे दांत किडतात, सांधे धरतात, डोळ्यांवर निळसर झांक येते, कान मंदावतात. बुद्धीलाही जरा येते. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया येथें झालेल्या आणि २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत अकरा-बारा वर्षांच्या कुत्र्यांपैकीं २८ टक्क्यांमध्यें आणि पंधरा-सोळा वर्षांच्या कुत्र्यांपैकीं ६८ टक्क्यांमध्यें असें एक तरी लक्षण आढळलें : ओळखीच्या घरांत वाट चुकणें, रात्रीचा दिवस करणें, शिकलेली स्वच्छता विसरणें. घर देणाऱ्यापासून यांतील कांहींही लपवूं नये.

पण जमेची बाजूही तितकीच खरी आहे. पिल्लू पुढें केवढें होईल, कसें निघेल, हें कोणालाच सांगतां येत नाहीं. दहा वर्षांचा कुत्रा जो आहे तो समोर आहे. तो चपला कुरतडीत नाहीं, रात्रभर रडत नाहीं, तासभर धांवायला नेलें नाहीं म्हणून घर डोक्यावर घेत नाहीं. सकाळ-संध्याकाळ सावकाश फेरी, दोन वेळचें मऊ अन्न आणि ऊन येणारा एक कोपरा एवढ्यावर त्याचा दिवस सुखानें जातो. ज्या घरांतील माणसांचेंही वय झालेलें आहे, त्या घराला तरुण कुत्र्यापेक्षां हा सोबती अधिक मानवतो.

दुसरी शंका बुजरेपणाची, आणि ती पहिलीहून कठीण. कुत्र्याचें शेपूट नळींत घातलें तरी वांकडेंच, ही म्हण येथें हटकून आठवते. पण शेपूट वांकडें कां झालें, हें पाहिल्यावांचून नळीला दोष देण्यांत अर्थ नाहीं. परक्यांविषयींच्या भीतीला बहुधा तीन कारणें असतात, आणि तिन्हींचा उपाय निराळा आहे.

पहिलें कारण बाळपणाचें. अमेरिकेंतील फ्रीडमन, किंग आणि एलियट या संशोधकांनीं १९६१ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्यांचीं कांहीं पिल्लें कुंपण घातलेल्या मैदानांत माणसांच्या सहवासावांचून वाढविलीं आणि निरनिराळ्या वयांत एकेक आठवडा माणसांत आणलीं. पांच ते नऊ आठवड्यांच्या सुमारास ज्यांना माणूस भेटला, तीं पिल्लें माणसाळलीं. चौदा आठवडे होईपर्यंत ज्यांना तो भेटलाच नाहीं, तीं पुढेंही माणसाला भीतच राहिलीं. ज्या कुत्र्याचें बाळपण एकाच माणसाच्या बंद घरांत गेलें, त्याला बाकीचें सारें जग परकें वाटलें तर त्यांत त्याचा अपराध नाहीं.

दुसरें कारण अनुभवाचें. दुधानें तोंड पोळलें कीं ताकही फुंकून पितात. ज्यानें काठी पाहिली, त्याला छत्रीही काठीच दिसते. ज्याचा ओळखीचा माणूस एके दिवशीं उठून गेला आणि परतला नाहीं, त्याला नव्या माणसाची घाई नसते.

तिसरें कारण मात्र पुष्कळदां कोणाच्या ध्यानींच येत नाहीं, तें दुखण्याचें. कमरेचे सांधे धरलेल्या कुत्र्याच्या पाठीवर कोणी प्रेमानें थोपटलें तरी त्याला कळ येते. कान मंदावलेल्या कुत्र्याला मागून आलेला हात अकस्मात् वाटतो, आणि अकस्मात् आलेल्या हाताला तो दांत दाखवितो. म्हणून बुजऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला घर शोधण्याची पहिली पायरी पशुवैद्याच्या दारांत आहे. सांध्यांवर योग्य औषध सुरू होतांच स्वभाव निवळलेला दिसतो, असें पुष्कळदां घडतें. औषध मात्र पशुवैद्यानेंच द्यावें. माणसांची आयब्युप्रोफेनसारखी गोळी कुत्र्याला विषासारखी बाधूं शकते.

या तिन्ही कारणांवर भर घालते ती आश्रयगृहांतील राहणी. कितीही दयाळू माणसांनीं चालविलें तरी आश्रयगृह म्हणजे गोंगाट. एक भुंकला कीं सारे भुंकतात. लादी थंड, झोप तुटक. शरीरावर ताण पडला कीं रक्तांत कॉर्टिसॉल नांवाचें द्रव्य वाढतें. अमेरिकेंतील एका आश्रयगृहांत १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या तपासणींत, नव्यानें आलेल्या कुत्र्यांच्या रक्तांत पहिले तीन दिवस तें विशेष वाढलेलें आढळलें. पुढें २०१९ सालीं तेथीलच पांच आश्रयगृहांतील कुत्रे एक-दोन रात्रींपुरते निरनिराळ्या घरीं पाठवून पाहण्यांत आलें. घरीं असतांना हा ताण उतरला आणि परत आणल्यावर पुन्हां पहिल्या पातळीवर गेला. तात्पर्य, कोठडींत जो कुत्रा दिसतो, तो त्या कुत्र्याचा खरा स्वभाव नव्हे. परीक्षेच्या दालनांत घाम फुटलेल्या विद्यार्थ्यावरून त्याची घरची वागणूक ठरविण्यासारखेंच तें आहे.

आणि ही परीक्षा किती वेळ चालते ? अमेरिकेंतील प्रोटोपोपोव्हा आणि विन या संशोधकांनीं २०१४ सालीं हेंच मोजून पाहिलें. कुत्रा कोठडीबाहेर काढून घर देऊं इच्छिणाऱ्या माणसाजवळ सोडला, तर ती भेट सरासरीनें सुमारें आठ मिनिटें चालते. तेवढ्या वेळांत निवड ठरते ती मुख्यतः दोन गोष्टींवर : माणसानें खेळायला बोलाविलें असतां कुत्र्यानें दुर्लक्ष केलें नाहीं ना, आणि तो माणसाजवळ येऊन पडला कीं नाहीं. मोती या दोन्हींत नापास होणार हें सांगावयास ज्योतिषी नको. खेळण्याचें त्याचें वय सरलें आणि आठ मिनिटांत कोणाजवळ पडावें असा त्याचा स्वभाव नाहीं. त्याचें वय किंवा त्याची भीती यांपेक्षां ही आठ मिनिटेंच त्याच्या आड येतात.

यावरील उपाय आश्चर्य वाटावें इतका साधा आहे. बुडापेस्ट येथील संशोधकांनीं २००१ सालीं आश्रयगृहांतील प्रौढ कुत्र्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच माणसानें एका कुत्र्याला तीन वेळां भेटावें, प्रत्येक वेळीं अवघीं दहा मिनिटें, एवढेंच करण्यांत आलें. नंतर अनोळखी जागेंत कुत्रा सोडला असतां तो त्या माणसाशीं आणि खऱ्या परक्याशीं निराळा वागूं लागलेला दिसला. घरच्या कुत्र्यांत मालकाविषयीं दिसणाऱ्या ओढीचीं चिन्हें त्याच्यांत उमटलीं होतीं. म्हणजे एकूण तीस मिनिटें. पण एका दमांत नव्हेत, आणि दहा निरनिराळ्या माणसांचीं तर नव्हेतच. प्रत्येक बुजरा कुत्रा तीनच भेटींत वळेल असा याचा अर्थ नाहीं. एखाद्याला दहा लागतील. वाट मात्र हीच.

असें समजावें कीं, एक निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या पत्नी मोतीला पाहावयास आल्या. आश्रयगृहांतील सेविकेनें त्यांना आधींच सांगितलें, "काका, काकूं, आज हात लावायचा नाहीं. नुसतें बसायचें." त्याप्रमाणें गुरुजी कोठडीच्या बाहेर, मोतीकडे तोंड न करतां, अंग वळवून बसले. डोळ्यांस डोळा भिडविला नाहीं. खालीं वांकून डोक्यावर हात नेला नाहीं, कारण वरून येणारा हात कुत्र्याला धाक वाटतो. भाकरीचा तुकडा हातानें न देतां जमिनीवरून सरकवून दिला. पहिल्या दिवशीं मोतीनें तो तीं दोघें निघून गेल्यावर खाल्ला. दुसऱ्या भेटींत त्यांच्या समोर खाल्ला. चौथ्या भेटींत काकू हळूच म्हणाल्या, "अहो, आज तो पाठ करून बसला." गुरुजींना वाटलें, तो रुसला. सेविका हंसली, परक्याकडे पाठ करून बसणें ही अशा कुत्र्यानें केलेली पहिली मेहरबानी असते.

कुत्र्यानें पळविलेली भाकरी कोरडी राहूं नये म्हणून नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागें धांवले, ही कथा महाराष्ट्रांत घरोघर सांगितली जाते. तो भक्तीचा अधिकार थोर. पण ज्यांना तो अधिकार नाहीं अशा साध्या संसारी माणसांनीं बुजऱ्या कुत्र्याच्या मागें तुपाची वाटी घेऊनही धांवूं नये. वाटी ठेवावी आणि बाजूस बसावें. धांवणाऱ्याच्या हातांत तूप आहे कीं काठी, हें पळणाऱ्याला दिसत नसतें.

घर कोणतें निवडावें, यालाही महत्त्व आहे. लहान मुलें रांगतात, कुत्र्याच्या अंथरुणावर पडतात, जेवतांना त्याच्या भांड्यांत हात घालतात. त्यांत त्यांचा दोष नाहीं, पण अशा घरांत मोतीला पाठवूं नये. सारा दिवस ज्याचें दार उघडें आणि ज्यांत शेजाऱ्यांची अखंड ये-जा, तें घर माणसांना कितीही गोड असलें तरी मोतीला अवघड. दिवसाचा बराच वेळ कोणी ना कोणी घरांत आहे, आवाज बेताचा आहे, एक खोली किंवा कोपरा मोतीचाच म्हणून राखून ठेवतां येतो, असें घर त्याला हवें. तो पूर्वीं कोणाला चावलेला असेल तर तें घर देणाऱ्यास स्पष्ट सांगावें; रेबीजची लस टोंचल्याचा दाखला बरोबर द्यावा. सत्य लपवून दिलेला कुत्रा परत येतो, आणि परत आलेल्या कुत्र्याच्या पाटीवर आणखी एक ओळ वाढते.

घरीं आल्यावरचे पहिले दिवस पाहुणचाराचे नसावेत. आप्तेष्टांना 'आमचा मोती पाहायला या' असें निमंत्रण देण्याचा मोह आवरावा. अंथरूण, पाणी आणि जेवण यांच्या जागा ठरवाव्या, वेळा ठरवाव्या आणि त्या पाळाव्या. डोळे अधू झालेल्या कुत्र्याच्या घरांत खुर्च्या-टेबलें उगाच हालवूं नयेत. गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरली तर धरलेल्या पायांना आधार मिळतो. निजलेल्या मोतीला हात लावून उठवूं नये. समोरून यावें, पायानें जमीन हलकेच वाजवावी. पाहुणा आलाच तर त्यानें मोतीकडे पाहूंच नये, हाच त्याचा उत्तम सत्कार. फिरावयास न्यावें तें वर्दळ नसलेल्या वेळीं. लिफ्ट भरलेली असेल तर दुसऱ्या खेपेची वाट पाहावी. जाळीचें मुसकें सुखानें घालून घेण्याची संवय घरींच, खाऊ देत देत, लावून ठेवावी, म्हणजे पशुवैद्याकडे कोणालाच भय राहत नाहीं. दिवाळींत फटाक्यांच्या रात्रीं खिडक्या लावून कोणी तरी त्याच्याजवळ बसावें.

शहरांतील घरांना आणखी एक धास्ती असते ती शेजाऱ्यांची. १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वयें स्थापन झालेल्या भारतीय प्राणी कल्याण मंडळानें २०१५ सालीं काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत, सहकारी गृहसंस्थांना कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालतां येत नाहीं, असें स्पष्ट केलेलें आहे. तथापि हक्क हातांत असला तरी सलोखा अधिक उपयोगी पडतो. मोती परक्यांस बुजतो, त्याला थोपटूं नका, एवढें शेजारच्या मुलांना आधींच समजावून सांगितलें तर तीं तें मोठ्यांपेक्षां चोख पाळतात.

एक प्रश्न मात्र घर देणाऱ्यानें आश्रयगृहाला आणि आश्रयगृहानें घर देणाऱ्याला विचारलाच पाहिजे. वृद्ध माणसांनीं वृद्ध कुत्रा घेतला आणि माणसेंच आधीं गेलीं किंवा अंथरुणाला खिळलीं, तर मोतीचें काय ? दुसऱ्यांदा त्याच टोंकाच्या कोठडींत जाण्याची पाळी त्याच्यावर येतां कामा नये. मुलगा, भाची, शेजारी, कोणी तरी एक माणूस पहिल्यापासून त्याच्या ओळखीचा करून ठेवावा आणि त्याचें नांव कागदावर लिहून ठेवावें. तसेंच, औषधपाण्याचा खर्च झेपणार नाहीं म्हणून एखादें चांगलें घर मागें सरत असेल, तर आश्रयगृहानें तो भार आपल्याकडे ठेवून कुत्रा त्या घरीं सांभाळावयास द्यावा. कोठडींतही औषध द्यावेंच लागतें. मग तें घरांत दिलें तर काय वाईट?

कोणी म्हणेल, शहरांत माणसांना घरें नाहींत, तेथें म्हाताऱ्या कुत्र्यासाठीं एवढा खटाटोप कशाला ? याचें उत्तर साध्या हिशेबांत आहे. दहा वर्षांच्या कुत्र्याचें बहुधा तीन-चार वर्षांचें आयुष्य उरलेलें असतें. त्यांतील सहा महिने 'पुढच्या रविवारीं कोणी येईल' म्हणून गेले, तर उरलेल्या आयुष्याचा सहावा ते आठवा हिस्सा गेला. माणसाच्या हिशेबांत तें अर्धें वर्ष. त्याच्या हिशेबांत एक मोठा काळ. आणि त्याला हवें आहे तें काय ? नवें घर बांधून द्यावयाचें नाहीं. असलेल्या घरांतील एक कोपरा, आणि त्यापूर्वीं दहा-दहा मिनिटांच्या कांहीं भेटी.

गुरुजींच्या घरीं आल्यावर मोती तीन आठवडे दाराकडे तोंड करून निजत असे. कोण येतें, कोण जातें, यावर त्याची नजर. मग एके दुपारीं गुरुजी वर्तमानपत्र वाचीत बसले असतां तो उठला, सावकाश त्यांच्या खुर्चीपाशीं आला, आणि दाराकडे पाठ करून आडवा झाला. गुरुजींनीं हात पुढें केला नाहीं. वर्तमानपत्राचें पान मात्र त्या दुपारीं बराच वेळ उलटलें गेलें नाहीं.